प्राणी असे का घडले? रोबॉट बनवून शोधलेली उत्तरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवशास्त्र शिकणारे, रोबॉट बनवण्याचा छंद असलेले आणि नुसत्या कुतूहलापोटी विचारणारे, सगळ्यांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

रोबॉट तर प्राण्यांवरून बनवतात. मग रोबॉटवरून प्राणी कसा समजणार?

सरड्यापासून सुरुवात करू. उडी घेता घेता सरड्याचा पाय सटकला तर त्याचं तोंड खाली जायला हवं. पण तो हवेतच शेपटी झटकन वर उचलतो आणि अंग सरळ होतं. आता हे डोळ्यांनी पाहिलं म्हणून तोल शेपटीनेच सावरला असं म्हणता येईल का? त्याने पाय हलवले असतील, पाठ वाकवली असेल. जिवंत सरड्यात या सगळ्या गोष्टी एकदमच चालू असतात, त्या सुट्या करता येत नाहीत.

२०१२ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रॉबर्ट फुल यांच्या गटाने एक छोटीशी गाडी बनवली आणि तिला एक शेपटी लावली. उतरत्या फळीवरून गाडी खाली सोडली. शेपटी जागच्या जागी जखडून ठेवली की गाडी नाकावर आपटायची. गाडीचा कल मोजणाऱ्या सेन्सरनुसार शेपटी हलू दिली की ती सपाट उतरायची. या गाडीला वाकवायला पाठ नव्हती आणि झाडायला पाय नव्हते. म्हणजे एकट्या शेपटीने हे काम होऊ शकतं, एवढं पक्कं झालं.

रोबॉटमध्ये तुम्ही तेवढंच घालता जेवढ्याबद्दल तुम्हाला शंका आहे, बाकी सगळं बाहेर ठेवता. म्हणून माझ्या लेखी रोबॉट म्हणजे प्राण्याला विचारलेला एक नेमका प्रश्न. खाली दिलेली जवळजवळ सगळी उत्तरं या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

मग हे आणि बायोमिमिक्री एकच का?

बायोमिमिक्री म्हणजे निसर्गातल्या रचनेची नक्कल करून वस्तू बनवणं. साधनं तीच, दिशा उलटी. जपानमध्ये ५०० मालिकेची शिंकान्सेन गाडी १९९७ मध्ये धावू लागली. तिचं लांबुडकं नाक खंड्याच्या चोचीवरून घेतलेलं आहे. बोगद्यातून बाहेर पडताना होणारा धमाका त्यामुळे कमी झाला आणि काम फत्ते झालं. खंड्याबद्दल त्यातून नवं काही कळलं की नाही, हे कुणी विचारलं नाही आणि विचारायची गरजही नव्हती. इथे मात्र उत्तर प्राण्याकडे परत यावं लागतं. बऱ्याच प्रयोगशाळांत दोन्ही कामं एकाच टेबलावर चालतात, म्हणून गल्लत होते.

एवढा खटाटोप कशाला? सरळ प्राण्यावरच प्रयोग करावेत ना?

ते होतातच आणि व्हायलाच हवेत. पण काही प्रश्नांची उत्तरं ज्या प्राण्याकडून मिळतील तो प्राणी अस्तित्वातच नसतो.

समुद्रघोड्याची शेपटी घ्या. बहुतेक प्राण्यांची शेपटी आडवी कापली तर गोल किंवा लंबगोल दिसेल, समुद्रघोड्याची चौकोनी दिसते. प्रत्येक मणक्याभोवती काटकोनात वळलेल्या चार हाडांच्या पट्ट्या असतात आणि त्या एकमेकींवर सरकतात. चौकोनाने नेमकं काय साधलं हे तपासायचं तर तुलनेला गोल शेपटीचा समुद्रघोडा हवा, आणि तो कुठल्याच समुद्रात मिळणार नाही. म्हणून २०१५ मध्ये संशोधकांनी थ्रीडी प्रिंटरवर दोन्ही शेपट्या छापल्या, एक खरीसारखी चौकोनी आणि एक निसर्गाने कधी न बनवलेली गोल. मग दोन्ही दाबल्या, पिळल्या, वाकवल्या. चौकोनी शेपटीने दाब चांगला सोसला, पिळ दिल्यावर ती एका मर्यादेपुढे गेली नाही आणि सोडल्यावर पूर्वपदावर आली. सपाट बाजूंमुळे पकडलेल्या वस्तूला तिचा स्पर्शही जास्त होतो. शेपटीने गवताला धरून राहणाऱ्या आणि शत्रूच्या तोंडात चिरडला जाऊ शकणाऱ्या प्राण्याला हे सगळंच कामाचं आहे.

कधी प्राणी होता, पण आता उरलेला नाही. ओरोबेट्स हा सुमारे २८ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा चार पायांचा प्राणी. जर्मनीत त्याचा जवळपास पूर्ण सांगाडा सापडला आणि त्याच जातीच्या पावलांचे ठसेही सापडले. बर्लिन आणि लोझान इथल्या संशोधकांनी त्या सांगाड्याच्या प्रमाणात रोबॉट बनवला, तो तऱ्हेतऱ्हेच्या चालींनी चालवला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. कोणती चाल ठशांशी जुळते, कोणतीत ताकद कमी खर्च होते, कोणतीत तोल राहतो, अशा एकामागून एक चाळण्या लावल्या. शेवटी उरल्या त्या चालींत पोट जमिनीपासून चांगलंच उचललेलं होतं. इतक्या जुन्या प्राण्याकडून ही अपेक्षा नव्हती.

विज्ञानाच्या नियमांप्रमाणे भुंग्याला उडताच येऊ नये, असं ऐकलंय. खरं आहे का?

अजिबात नाही, पण ही गोष्ट कुठून आली ते समजून घेण्यासारखं आहे. विमानाचा पंख एका जागी पक्का असतो आणि हवा त्यावरून सरळ वाहते. तेच गणित कीटकाला लावलं की वर उचलणारं बल कमी पडतं. याचा अर्थ एवढाच की विमानाचं गणित भुंग्याला लागू पडत नाही. लागू पडणारं गणित हाती यायला मात्र वेळ लागला, आणि त्यात यांत्रिक पंखांचा मोठा वाटा आहे.

अडचण आकाराची होती. फळमाशीचा पंख जेमतेम अडीच मिलिमीटरचा आणि तो सेकंदाला सुमारे २०० वेळा फडकतो. त्यावर बल मोजणारं उपकरण बसवायचं कुठे? मायकेल डिकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पंख शंभरपट मोठा केला, २५ सेंटिमीटरचा. तो खनिज तेलाने भरलेल्या टाकीत बुडवला आणि अगदी सावकाश फडकवला, एका फडकाऱ्याला काही सेकंद लागतील इतक्या संथपणे. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

तेल आणि तेही इतकं संथ, हे चालतं कसं? इथे रेनॉल्ड्स संख्या कामी येते. वाहत्या पदार्थाचा रेटा आणि त्याचा चिकटपणा यांच्यातलं हे गुणोत्तर. ते सारखं ठेवलं की चिमुकल्या पंखाभोवतीची हवा आणि मोठ्या पंखाभोवतीचं तेल एकाच रीतीने वाहतात. उलटून सांगायचं तर माशीला हवा आपल्याला जाणवते तशी विरळ जाणवत नाही, तिच्या मापाने ती बरीच चिकट आहे. अभियंत्यांना जहाजांची आणि विमानांची छोटी मॉडेलं तपासताना ही युक्ती ठाऊक होतीच, इथे ती मोठं करण्यासाठी वापरली.

त्या तेलात तीन गोष्टी दिसल्या. पंख इतका तिरपा असतो की विमानाचा असता तर विमान कोसळलंच असतं. माशीच्या पंखाच्या पुढच्या कडेवर मात्र एक भोवरा तयार होतो आणि तो पंखाला वर ओढून धरतो. केंब्रिजमधल्या चार्ल्स एलिंग्टन यांच्या गटाने असाच भोवरा १९९६ मध्ये पतंगाच्या यांत्रिक पंखावर धूर सोडून दाखवला होता. दुसरं, फडकाऱ्याच्या टोकाला पंख गर्रकन पालटतो त्या क्षणी जादा उचल मिळते. तिसरं मला सगळ्यांत आवडतं: परतताना पंख आपणच मागे सोडलेल्या भोवऱ्यातून जातो आणि आधीच्या फडकाऱ्यात वाया गेलेली थोडी ऊर्जा त्यातून वसूल करतो.

२०१३ मध्ये हार्वर्डमध्ये ८० मिलिग्रॅमचा माशीएवढा रोबॉट नियंत्रितपणे उडाला, पण वीज त्याला बारीक तारेतून द्यावी लागली. इंधन, मेंदू आणि डोळे सगळं स्वतःच्या अंगावर वाहून नेणारी साधी माशी त्यानंतर माझ्या नजरेत आणखी मोठी झाली.

पाल छताला चिकटते, मग तिचा पाय सुटतो कसा?

हा प्रश्न विचारणाऱ्याने निम्मं उत्तर आधीच शोधलेलं असतं. चिकटणं अवघड नाही, कुठलाही डिंक चिकटतो. सेकंदात कित्येकदा चिकटून कित्येकदा सुटणं अवघड.

टोके जातीच्या पालीच्या एकेका पावलावर सुमारे पाच लाख सूक्ष्म केस असतात. प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे फुटतात, आणि त्या फाट्यांची चपटी टोकं मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढी असतात. इतकी बारीक टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की रेणूरेणूंमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण पुरेसं होतं. पण हे सिद्ध कसं करायचं? केसांच्या द्रव्यातच काही खास रसायन असेल अशी शंका होतीच. २००२ मध्ये केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी दोन अगदी वेगळ्या पदार्थांपासून केसांची कृत्रिम टोकं बनवली. दोन्ही चिकटली. म्हणजे महत्त्व द्रव्याला नाही, आकाराला आणि बारीकपणाला आहे. एवढी स्वच्छ उकल नुसत्या निरीक्षणातून झाली नसती.

सुटण्याचं उत्तर कोनात आहे. केस पृष्ठभागाला समांतर ओढला की धरतो, आणि साधारण ३० अंशांहून जास्त उचलला की आपोआप सुटतो. काचेच्या खिडकीवर पाल दिसली तर पलीकडून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये टिपून पाहा. पाऊल उचलण्याआधी बोटांची टोकं उलटी, वरच्या बाजूला वळतात, चिकटपट्टी एका कडेने सोलत जावी तशी. स्टॅनफर्डमध्ये काच चढणारा स्टिकीबॉट बनवणाऱ्यांनी पायांना एकाच दिशेने धरणारी रबरी पट्टी लावली ती याचसाठी. दोन्ही बाजूंनी चिकटणारा पाय त्यांना नकोच होता, कारण तसा पाय सोडवण्यातच रोबॉटची सगळी ताकद गेली असती. पाल इतक्या सहज का पळते, हे त्या हिशेबावरून नीट उमगतं.

चालणं, पोहणं हे सगळं मेंदू चालवतो ना?

मलाही पूर्वी असंच वाटायचं. मत बदललं ते एका मेलेल्या माशामुळे.

ट्राउट मासे वाहत्या पाण्यात दगडाच्या मागे थांबतात. दगडाला वळसा घालून येणारं पाणी आलटून पालटून डावे-उजवे भोवरे सोडतं आणि मासा त्यांच्यामधून नागमोडी डुलत राहतो. २००३ मध्ये जिमी लियाओ, जॉर्ज लॉडर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तेव्हा माशाचे स्नायू फारच कमी काम करत असतात. नंतर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मेलेला ट्राउट अशाच भोवऱ्यांत ठेवला. त्याचं लवचीक अंग भोवऱ्यांच्या तालावर हलू लागलं आणि तो प्रवाहाच्या विरुद्ध पुढे सरकला. न मेंदू, न स्नायू. पाण्याचे भोवरे आणि योग्य तेवढं लवचीक शरीर यांची नुसती जुळणी.

चालण्याचंही तसंच. टॅड मॅकगीर यांनी १९९० मध्ये दोन पायांचं यंत्र हलक्या उतारावर सोडलं. त्यात मोटर नव्हती, कॉम्प्युटर नव्हता, सेन्सर नव्हता. ते पावलं टाकत खाली चालत आलं. पायांची लांबी, वजन आणि तळव्यांची गोलाई यांतच चाल दडलेली होती.

आणि झुरळ. पळत्या झुरळाच्या पाठीवर एक इवलीशी तोफ बसवली, ती उडवली की झुरळाला बाजूने धक्का बसेल अशी. धक्क्यानंतर सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागातच झुरळ सावरू लागलं. मज्जातंतूंतून संदेश जाऊन परत यायला आणि स्नायू आवळायला एवढा वेळ जवळजवळ पुरतच नाही. सावरण्याचं पहिलं काम स्प्रिंगसारखे फाकलेले पाय स्वतःच करतात. रेक्स नावाच्या सहा पायांच्या रोबॉटने याच गोष्टीला दुजोरा दिला. त्याच्या प्रत्येक पायाला एकच मोटर आणि पाय म्हणजे अर्धवर्तुळाकार लवचीक पट्टी. पुढचा दगड कुठे आहे हे न पाहता तो खडबडीत जागेवरून धडधडत निघून जातो.

यामुळे मेंदूचं महत्त्व कमी होत नाही. शरीराने तोलाचं पहिलं काम उरकलं की मेंदू कुठे जायचं, कुणापासून पळायचं याकडे मोकळा होतो.

स्नायू तर सावकाश आकुंचन पावतात. मग पिसवा आणि मँटिस श्रिंप (ठोसा मारणारा, कोळंबीसारखा समुद्री प्राणी) इतके वेगवान कसे?

धनुष्याने. हाताने बाण फेकला तर जवळच पडतो. तोच हात सावकाश दोरी ताणतो आणि बोट सुटलं की बाण सणसणत जातो. या प्राण्यांत ताणायला स्नायू, ऊर्जा साठवायला कवचाचा लवचीक भाग आणि रोखून धरायला एक खिटी असते. मँटिस श्रिंपचा ठोसा सेकंदाला २० मीटरपेक्षाही वेगाने जातो आणि त्यामुळे पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात. पण खिटी सुटल्यावरही ठोसा क्षणभर उशिरा का निघतो, हे कोडं होतं. २०२१ मध्ये दीड ग्रॅमचा रोबॉट बनवून उत्तर मिळालं: सांध्यांच्या तरफांची ठेवणच अशी आहे की एका ठरावीक बिंदूपर्यंत ती स्वतःच दुसऱ्या खिटीचं काम करते.

इस्सस नावाच्या उड्या मारणाऱ्या किड्याच्या पिल्लाला तर मागच्या पायांच्या मुळाशी खरेखुरे दातेरी गिअर असतात. २०१३ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. दोन्ही पाय सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी ३० भागांच्या आत एकत्र सुटतात. मज्जातंतूंना इतकं नेमकं जमत नाही. तसं झालं नसतं तर पिल्लू उडी मारताना गोल गोल फिरलं असतं. शेवटची कात टाकल्यावर मोठ्या किड्यात हे गिअर नाहीसे होतात.

रोबॉट फसला तर मेहनत वाया जाते का?

उलट तिथेच सगळ्यांत जास्त शिकायला मिळतं. साइडवाइंडर हा वाळवंटातला साप अंग आडवं टाकत वाळूची चढण चढतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सापासारख्या रोबॉटला सपाट जागी तशी चाल जमत होती, चढणीवर मात्र तो घसरायचा. मग संशोधकांनी अटलांटातल्या प्राणिसंग्रहालयात वाळूचा तिरपा करता येणारा मंच बनवून त्यावर साप सोडले. चढण जसजशी वाढली तसतसा साप अंगाचा जास्त भाग वाळूला टेकवत गेला. रोबॉटला ही एकच गोष्ट शिकवली आणि तो चढला. मग त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं, जे सापाकडून करून घेता येणार नाही: टेकलेला भाग मुद्दाम कमी-जास्त करून पाहिला. दोन्ही टोकांना चढणं बिघडलं. साप या दोन टोकांमधली किती अरुंद मर्यादा नेमकी साधतो, हे रोबॉटच्या घसरण्यातून कळलं. हे निष्कर्ष २०१४ मध्ये आले.

रोबॉटला खऱ्या प्राण्यांत सोडतात का?

हो. २००७ मधल्या एका प्रयोगात झुरळांचा वास लावलेले छोटे चौकोनी रोबॉट झुरळांच्या घोळक्यात सोडले. ते झुरळांसारखे मुळीच दिसत नव्हते. तरी रोबॉटनी झुरळांना एरवी न आवडणारा, कमी अंधाराचा आडोसा निवडला तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा झुरळंही त्यांच्यामागोमाग तिथेच गेली. झुरळाला सोबती ओळखायला रूप लागत नाही, वास पुरतो.

रोबॉटला जमलं म्हणजे प्राणीही तसंच करतो हे सिद्ध झालं का?

नाही, आणि इथे घाई करणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते. रोबॉट एवढंच सांगतो की ‘या मार्गाने हे होऊ शकतं’. प्राणी त्याच मार्गाने जातो की नाही, हे प्राण्याकडेच तपासावं लागतं.

बार्बरा वेब यांचा १९९० च्या दशकातला रातकिड्याचा रोबॉट याचं चांगलं उदाहरण आहे. मादी नराच्या गाण्याकडे जाते, म्हणजे ती आधी गाणं ओळखत असेल आणि मग दिशा ठरवत असेल, असं वाटत होतं. रोबॉटमध्ये ‘ओळखणारा’ वेगळा भाग नव्हताच. पुढच्या पायांवरचे दोन कान आणि त्यांना जोडणारी हवेची नळी यांची नक्कल आणि अगदी साधी जोडणी एवढ्यावर तो योग्य लयीच्या आवाजाकडे वळला. त्यामुळे वेगळा भाग असलाच पाहिजे हा आग्रह सुटला आणि जीवशास्त्रज्ञांना खऱ्या रातकिड्यात काय शोधायचं ते कळलं.

उलटं उदाहरण सुतारपक्ष्याचं. त्याच्या कवटीत धक्के शोषणारी गादी असते असं धरून हेल्मेटं आणि पॅकिंगच्या कल्पना मांडल्या गेल्या. २०२२ मध्ये वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रणात डोकं ताठ हातोडीसारखं चालताना दिसलं. विचार केला तर हातोडीला गादी लावून खिळा ठोकायचा कसा? मेंदू लहान आहे म्हणून तो धक्का सोसतो. कुणाच्या तरी उपयोगी पडली म्हणून प्राण्याबद्दलची कल्पना खरी ठरत नाही.

म्हणजे निसर्ग हा सर्वांत चांगला अभियंता म्हणायचा ना?

हे वाक्य मी वापरत नाही. अभियंता कोऱ्या कागदावर नवं आरेखन करू शकतो, उत्क्रांतीला हाताशी आहे त्यातच डागडुजी करावी लागते. जिराफात दोन्ही शेजारी शेजारी दिसतं. हृदयापासून मेंदू सुमारे दोन मीटर वर. तेवढ्या रक्ताच्या स्तंभाचा दाबच जवळपास १५० मिलिमीटर पाऱ्याइतका भरतो, म्हणून जिराफाचा रक्तदाब माणसाच्या साधारण दुप्पट असतो. पायांत तो दाब आणखी वाढतो. तिथे रक्त साचू नये म्हणून पायांची कातडी लढाऊ वैमानिकाच्या दाबसूटसारखी घट्ट असते. हिशेब चोख. आणि त्याच मानेत स्वरयंत्राकडे जाणारी एक नस मेंदूतून निघून छातीपर्यंत खाली उतरते, हृदयाजवळच्या रोहिणीला वळसा घालते आणि पुन्हा वर येते. काही सेंटिमीटरचं अंतर, काही मीटरचा प्रवास. माशांसारख्या पूर्वजांत तो रस्ता सरळ होता, मान लांबत गेली आणि नस अडकून राहिली.

मला स्वतः काही करून पाहायचं असेल तर?

फिरती खुर्ची आणि पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या घ्या. खुर्चीवर बसून पाय उचला. दोन्ही हातांत बाटल्या धरून हात समोर सरळ करा आणि झटकन उजवीकडे न्या. खुर्ची डावीकडे वळेल, आणि हात थांबले की तीही थांबेल. सरड्याची शेपटी हेच करते. आता बाटल्या अर्ध्या रिकाम्या करून हात तसेच लांब ठेवा, मग बाटल्या भरून हात कोपरात दुमडा, आणि दर वेळी खुर्ची किती वळली याची जमिनीवर खडूने खूण करा. शेपटी जड असावी की लांब, याचं उत्तर त्या खुणांमधल्या अंतरात दिसेल.